खर्जाची जागा : बँडसंगीतातील मंद्र पितळी वाद्ये आणि वादक-शिक्षक – हिंगोली परिसराच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. ह्या जिल्ह्याच्या सांगीतिक ओळखीचा विचार होतो तेव्हा संत नामदेवांचे नर्सी, औंढा नागनाथाचे देवस्थान आणि हिंगोलीचा दसरा महोत्सव ही स्थाने स्वाभाविकपणे पुढे येतात. टाळ, मृदंग, वीणा, हलगी, संबळ ह्या वाद्यांविषयी मराठीत बरेच लेखन झाले आहे. मात्र त्याच परिसरात लग्नाच्या वरातीत आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजणारा पितळी बँड समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. बँड हा करमणुकीचा, फार तर गोंगाटाचा विषय आहे, अशी सुशिक्षितांची धारणा त्यामागे असावी. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी सांगताना आदिम, लोक, भक्ती आणि कला ह्यांच्या बरोबरीने जनसंगीत व संगमसंगीत ह्या कोटींनाही अभ्यासविषयाचा दर्जा दिला. ह्या दोन्ही कोटींना एकाच वेळी स्पर्श करणारा बँडइतका ठळक नमुना मराठवाड्यात दुसरा सापडणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखात बँडच्या संपूर्ण व्यवसायाचा आढावा अभिप्रेत नाही. बँडमधील युफोनियम, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि अंगाभोवती वेढून वाहून नेता येणारा सूझाफोन ह्या मंद्र स्वराच्या पितळी वाद्यांपुरताच येथे विचार केला आहे. ही वाद्ये आपल्याकडे दीर्घ काळ आहेत. तरीही त्यांना स्वतःचे संगीत का लाभले नाही, हा ह्या विवेचनाचा मूळ प्रश्न होय. वादकांची कुवत कमी पडली म्हणून असे घडले, हे उत्तर टिकत नाही. मंद्र स्वराला संगीताच्या मांडणीत जागा मिळाली नाही आणि तो स्वर शिकविणाऱ्या वादकाला शिक्षक म्हणून मान्यता मिळाली नाही, ही दोन परस्परांत गुंतलेली कारणे त्यामागे आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

छावणी आणि वरात

हिंगोली हे लष्करी ठाणे म्हणून जुने आहे. हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेची हिंगोली ही १८१९ ते १९०३ ह्या काळातील एक प्रमुख छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली. आजही राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्र. १२ हिंगोलीत आहे. संचलनाचे संगीत ह्या गावाला अपरिचित नाही.

छावणीचा बँड आणि वरातीचा बँड ह्यांचे नाते वंशावळीचे नसून अनुकरणाचे आहे. झुपकेदार खांदपट्ट्यांचा गणवेश, रांगेत चालणे, पुढे मास्तर व मागे ढोल ही दृश्य बाजू वरातीच्या बँडने छावणीकडून उचलली. वाद्येही घेतली. मेरठच्या नादिर अली आणि कंपनीसारख्या देशी उत्पादकांनी ती तुलनेने स्वस्तात उपलब्ध करून दिली. परंतु ह्या वाद्यांना लष्करी बँडमध्ये ज्या लिखित स्वरलेखनाचा आधार होता, ते स्वरलेखन वरातीपर्यंत पोहोचले नाही. लष्करी बँडमधील प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद असतो. ट्यूबाने काय वाजवावे हे त्यावर लिहिलेले असते. कागद गेला, तेव्हा ट्यूबाचे कामही गेले. राहिले ते वाद्य.

वाजंत्रीचे काम परंपरेने कोणाकडे होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. हलगी मुख्यत्वे मातंग समाजाकडे होती आणि देवळातील वाद्यसेवा गुरवाकडे. ही कामे बलुतेदारीच्या चौकटीतली होती. बँडने वाजविणाऱ्याला बलुत्याच्या जागी ‘सुपारी’ दिली, म्हणजे ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला दिला. सामाजिकदृष्ट्या हा बदल मोलाचा होता. परंतु वादकाला कलावंत म्हणून जी प्रतिष्ठा हवी होती ती गणवेशाने मिळाली नाही. ग्रेगरी बूथ यांच्या ‘ब्रास बाजा’ (२००५) ह्या ग्रंथाने भारतीय बँडवाल्यांचे जीवन, मालक व वादक ह्यांचे संबंध आणि हंगामी रोजगार ह्यांचे तपशीलवार दर्शन घडविले. त्या सामाजिक चित्राला आतल्या ध्वनिरचनेच्या समीक्षेची जोड देणे हे काम मराठी अभ्यासकांपुढे आहे.

नळीतला षड्ज

मंद्र पितळी वाद्यांची जात समजून घेतल्याशिवाय त्यांच्या जागेचा विचार करता येत नाही. ट्यूबाचे पेटंट १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांना मिळाले. युफोनियम त्यानंतरच्या दशकातले. ट्रॉम्बोन मात्र पंधराव्या शतकापासूनचा. बँडमधील नेहमीच्या ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे साडेचार फूट भरते. युफोनियम व ट्रॉम्बोन ह्यांची सुमारे नऊ फूट आणि सर्वांत मोठ्या ट्यूबाची सुमारे अठरा फूट. नळी दुप्पट झाली की स्वर एक सप्तक खाली जातो. ट्रम्पेट, युफोनियम आणि मोठा ट्यूबा हे अशा प्रकारे एकाच षड्जाचे तीन सप्तकांतील आविष्कार आहेत. हार्मोनियमच्या भाषेत तो षड्ज काळी पाचचा. लहान ट्यूबाचा षड्ज काळी दोनचा असतो.

ह्या वाद्यांत कळ न दाबता नुसत्या ओठांच्या ताणाने जे स्वर निघतात, त्यांचा क्रम भारतीय संगीताच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. तळाच्या षड्जानंतर वरचा षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज, त्यानंतर शुद्ध गांधार आणि पुन्हा पंचम असा तो क्रम आहे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच. हार्मोनियमच्या गांधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो आणि म्हणूनच कानाला गोड लागतो. पाश्चात्त्य बँडमध्ये हा उतरलेपणा दोष मानून वादकाने तो ओठाने सावरावा अशी अपेक्षा असते. भारतीय संगीतात तोच गुण ठरू शकतो. परकीय समजल्या गेलेल्या ह्या नळीत तानपुऱ्याचे स्वरकुळ मुळातच आहे.

कळांची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिली कळ स्वर एका पूर्ण अंतराने, दुसरी अर्ध्याने आणि तिसरी दीड अंतराने खाली आणते. दोन-तीन कळा एकत्र दाबल्यास नळीची लांबी हिशेबापेक्षा कमी पडते आणि स्वर चढा लागतो. ही उणीव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बूझी कंपनीतील डेव्हिड ब्लेक्ली यांनी जादा नळ्या जोडून दूर केली. पण असे वाद्य महाग असते. साध्या तीन कळांच्या युफोनियमवर खालचे स्वर सुरेल लावणे हे ओठाचे आणि कानाचे काम राहते. बेसूर लागलेला खालचा स्वर पुष्कळदा वाद्याच्या ह्या मर्यादेतून येतो. त्याचे खापर मात्र वादकाच्या अडाणीपणावर फोडले जाते.

ट्रॉम्बोनला कळा नसतात. सरकत्या नळीच्या सात जागा असतात आणि त्यांमधील प्रवास अखंड असतो. मींड घेण्याची सोय ज्याच्या बांधणीतच आहे असे हे पितळी वाद्य. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे : एका ओढीत सहा अर्धस्वरांपलीकडे, म्हणजे षड्जापासून तीव्र मध्यमाच्या अंतरापलीकडे, मींड जात नाही. तरीही दरबारी कानड्यातील कोमल गांधाराचे संथ आंदोलन ह्या मर्यादेत सहज बसते.

आधार, सूर आणि आलाप

मंद्र वाद्याला वाद्यमेळात तीन प्रकारची जागा मिळू शकते. पहिली पाश्चात्त्य स्वरसंवादाची. तेथे खालचा स्वर वरच्या स्वरांचा पाया असतो आणि तो बदलला की वरच्या धूनचा अर्थ बदलतो. दुसरी जागा सनई-चौघड्यातील सूर धरणाऱ्याची. तो धून वाजवीत नाही. षड्ज अखंड ठेवतो आणि मुख्य सनईवाला त्या भिंतीवर नक्षी काढतो. तिसरी जागा मंद्र सप्तकातील आलापाची. धृपदात, रुद्रवीणेवर, सूरबहारवर राग प्रथम खालीच उलगडतो. खर्जसाधनेला आपल्या गुरुकुलांत जे महत्त्व आहे त्यामागे हीच दृष्टी आहे की, आवाजाचा कस खाली लागतो.

आपल्या वरातीच्या बँडमध्ये मंद्र वाद्याला ह्या तिन्हींपैकी एकही जागा दिलेली दिसत नाही. सर्वसाधारण मांडणी अशी असते : गाण्याचा मुखडा क्लॅरिओनेट किंवा ट्रम्पेट वाजविते, मधल्या वाद्यवृंदाच्या जागा बाकीचे मिळून भरतात, युफोनियम तीच धून एक सप्तक खाली वाजविते किंवा मुख्य वाद्याला उत्तर देते. सवाल-जवाबाची ही पद्धत परिणामकारक आहे, हे मान्य केले पाहिजे. युफोनियमचा भरीव, मानवी आवाजाच्या जवळचा स्वर उत्तरादाखल येतो तेव्हा तो दुसरा गायक वाटतो. पाश्चात्त्य बँडने ज्याच्याकडे मुख्यत्वे आधाराचे काम दिले त्याला आपल्या बँडने गायक केले, ही अस्सल देशी सूझ आहे आणि तिचे श्रेय अनामिक वादकांना जाते.

परंतु ह्या सूझेची किंमतही मोजावी लागली. सगळेच गाणारे झाले, सूर धरणारा कोणीच राहिला नाही. पुण्याचा प्रभात बँड नाट्यपदांच्या वादनामुळे रसिकांच्या परिचयाचा झाला. नाट्यपद रंगभूमीवर गायले जाते तेव्हा मागे ऑर्गन असतो. तेच पद बँडवर वाजताना क्लॅरिओनेट तान घेऊन षड्जावर परतते, तेव्हा तो षड्ज तेथे कोणीतरी धरलेला असावा लागतो. तसा तो नसेल तर परतण्याचे समाधान अर्धे राहते. ही उणीव ढोलाच्या दणक्याने झाकली जाते, पण भरून निघत नाही. मंद्र वाद्याची खरी निकड येथे आहे आणि ती पाश्चात्त्य स्वरसंवादाची उसनवारी न करताही भागविता येईल.

मग ती का भागविली गेली नाही? एक कारण रस्त्याचे आहे. चालत्या मिरवणुकीत ट्यूबाला लागणारा श्वास टिकविणे कठीण. एकटा वादक अखंड सूर धरू शकत नाही, त्याला आळीपाळीने श्वास घेणारा जोडीदार लागतो. दुसरे कारण पैशाचे आहे. सुपारी देणाऱ्याला धून ऐकू येते, सूर ऐकू येत नाही. म्हणून सूर धरणाऱ्या दोघांची मजुरी मालकाला अनाठायी वाटते. तिसरे कारण अधिक बोचरे आहे. पथक मोठे दिसावे म्हणून न वाजविणाऱ्या गड्याच्या हातात वाद्य देऊन त्याला रांगेत उभे करण्याची प्रथा ह्या व्यवसायात सर्वपरिचित आहे. अशा गड्याला ट्रम्पेट देता येत नाही, कारण ते न वाजल्यास चटकन कळते. मोठे मंद्र वाद्य मात्र निर्धास्तपणे देता येते. जे वाजले नाही तरी चालते असे ठरले, ते शिकण्याचे कारणच उरत नाही. मंद्र वाद्याची खरी हानी येथून सुरू झाली.

वादक-शिक्षकाचे स्थान

बँडमधील शिक्षण मास्तरच्या हाताखाली होते. मुलगा झांज किंवा खुळखुळा घेऊन पथकाबरोबर चालू लागतो, ठेका अंगात मुरतो, मग एखादे फुंकवाद्य हाती येते. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. चातुर्मासात कामे थंडावतात तेव्हा नवीन गाणी बसविली जातात. मास्तर सरगम तोंडाने सांगतो किंवा धून वाजवून दाखवितो आणि शिष्य ती कानाने उचलतो. ह्या मौखिक पद्धतीचे सामर्थ्य मोठे आहे. काल प्रदर्शित झालेले गाणे आज वरातीत वाजू शकते ते तिच्यामुळेच. पण तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मौखिक पद्धतीत एका वेळी एकच धून हस्तांतरित होते. चार वाद्यांनी चार वेगळ्या गोष्टी एकत्र वाजविण्याची कल्पना हस्तांतरित करणे तिला जड जाते. वाद्यमेळासाठी मास्तरला वादनाच्या पलीकडे रचनेचा विचार करण्याची फुरसत लागते आणि हंगामी मजुरीवर जगणाऱ्याला ती मिळत नाही.

जेथे ही फुरसत पगाराच्या रूपाने मिळाली तेथे काय घडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमधून मेस्त्रींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन शिकविले. त्यातून तयार झालेले वादक लष्करी, पोलिसी व संस्थानी बँडमध्ये आणि पुढे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गेले. पीटर मोन्सोरेट ह्या ट्रम्पेटवादकाच्या घरात जोसेफ व बॉस्को हे पुत्र ट्रम्पेटकडे आणि ब्लास्को ट्रॉम्बोनकडे वळले. तिघेही मुंबईच्या ध्वनिमुद्रण क्षेत्रात वावरले. शाळा आणि घर ह्यांच्या सांध्यावर मंद्र वाद्याचा वादक कसा घडतो, ह्याचे हे उदाहरण होय.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये तेथे गायनशाळा सुरू केली आणि देशी संगीतासाठी स्वरलेखन सिद्ध केले. त्यांचे पुत्र अल्लाउद्दीन खाँ यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतले. देशी गायन आणि पाश्चात्त्य बँड ही दोन्ही एकाच दरबारी व्यवस्थेत शिकविण्याचे विषय मानले गेले, हे त्या काळी अपूर्व होते. पुढे ही शाळा महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पचमढी येथे लष्करी संगीताचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. तेथे वादक शिकतो आणि पुढे पलटणीत इतरांना शिकवितो, अशी साखळी आहे.

परदेशातील एक उदाहरण महाविद्यालयीन प्राध्यापकांना अधिक जवळचे वाटेल. केवळ मंद्र पितळी वाद्यांसाठी लिहिलेले संगीत युरोपात जुने आहे. बीथोव्हनने १८१२ मध्ये लिंट्झ येथे चार ट्रॉम्बोनसाठी ‘इक्वाली’ रचल्या आणि १८२७ मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांचा वापर झाला. ट्यूबाला मात्र असे संगीत नव्हते. सिम्फनी वाद्यवृंदात सहसा एकच ट्यूबावादक लागतो. त्यामुळे विद्यापीठात शिकणाऱ्या बाकीच्या ट्यूबाच्या विद्यार्थ्यांनी कोठे वाजवायचे, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील टेनेसी टेक विद्यापीठात आर. विन्स्टन मॉरिस यांनी १९६७ मध्ये केवळ ट्यूबा व युफोनियम ह्यांचा वाद्यमेळ स्थापन केला. त्याच्यासाठी नव्या रचना लिहून घेतल्या गेल्या आणि १९७६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोहोचला. इंडियाना विद्यापीठातील हार्वे फिलिप्स यांनी १९७४ मध्ये आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ ट्यूबावादकांचा नाताळचा सार्वजनिक सोहळा सुरू केला. ह्या दोघांचेही वैशिष्ट्य असे की, ते वादक होते आणि शिक्षकही होते. शिकविण्याच्या गरजेतून रचना आली, रचनेतून वाद्यमेळ आला आणि वाद्यमेळातून वाद्याला प्रतिष्ठा आली. हा क्रम उलट दिशेने घडत नाही.

महाविद्यालयाची जबाबदारी

मराठवाड्यात मास्तर आहेत, वाद्ये आहेत आणि श्रोतेही आहेत. नाही तो ह्या तिघांना जोडणारा शिक्षणाचा दुवा. महाविद्यालयांतील संगीत विभाग मुख्यत्वे गायन, तबला, हार्मोनियम, सतार ह्यांभोवती फिरतात. युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते. पितळी वाद्यमेळ मात्र लोकसंगीतवाल्यांना परका आणि शास्त्रीय संगीतवाल्यांना ग्राम्य वाटतो. दरम्यान रस्त्यावर ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्या मंद्र स्वराची बँडमध्ये कोणाला गरज वाटली नाही, तोच स्वर डीजेच्या रूपाने छाती हादरविण्याइतका मोठा होऊन परत आला, ह्यातील विसंगती विचार करायला लावणारी आहे. समाजाला खालच्या स्वराची भूक होती. ती बँडने भागविली नाही, म्हणून यंत्राने भागविली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना शिक्षणसंस्थांशी जोडण्याचा विचार मांडला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ह्या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत औपचारिक पदवीची अट शिथिल करून किमान पंधरा वर्षांच्या अनुभवाला महत्त्व दिले आहे. वीस-पंचवीस वर्षे युफोनियम वाजविणारा आणि दहा-वीस मुले तयार करणारा मास्तर अनुभवाच्या ह्या कसोटीत कोठेही कमी पडत नाही. प्रश्न नियमांचा कमी आणि दृष्टीचा अधिक आहे. अशा व्यक्तीला कार्यक्रमाच्या दिवशी सुपारी देऊन बोलाविणे आणि वर्गात शिकविण्यासाठी बोलाविणे ह्यांत जे अंतर आहे, ते पार करण्याची तयारी महाविद्यालयांनी दाखविली पाहिजे.

ह्या प्रयत्नाचे रूप लहानच असावे. दोन युफोनियम, एक ट्रॉम्बोन व एक ट्यूबा एवढा चौघांचा मेळ पुरेसा आहे. एका बंद खोलीत, न चालता, ढोलाशिवाय वाजविताना मंद्र वाद्याला लपण्यास जागा राहत नाही आणि दबण्याचेही कारण राहत नाही. ट्यूबा आणि एक युफोनियम ह्यांनी आळीपाळीने श्वास घेत षड्ज-पंचम धरावा, दुसऱ्या युफोनियमने अभंगाची चाल किंवा दरबारी कानड्यासारख्या रागाचा मंद्र आलाप मांडावा, ट्रॉम्बोनने मींडेचे काम करावे. षड्ज काळी पाचचा ठेवल्यास नळीचा स्वाभाविक षड्ज आणि रागाचा षड्ज एक होतो व नवशिक्यालाही सुरात राहणे सोपे जाते. नर्सीच्या परिसरात अभंगाच्या चालींची वाण नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. बंद खोलीतील मेळ हा बँडच्या रस्त्यावरच्या प्राणशक्तीपासून त्याला तोडील, असे म्हणता येईल. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. बँड सभागृहात नेऊन त्याला सोवळे करणे हा येथे हेतू असू नये. परंतु खर्जसाधना पहाटे एकांतात केली म्हणून गायकाची मैफल निस्तेज होत नाही. उलट तीच मैफलीला बळ देते. खोलीत घडलेला सूर रस्त्यावर परत गेला पाहिजे, हीच ह्या प्रयत्नाच्या यशाची कसोटी ठरेल.

निष्कर्ष

१. वरातीच्या बँडने छावणीच्या बँडची वाद्ये व दृश्य रूप स्वीकारले. मंद्र वाद्यांना काम देणारे लिखित स्वरलेखन मात्र त्याच्यापर्यंत आले नाही.

२. युफोनियमला दुसऱ्या गायकाची भूमिका देणे ही भारतीय बँडची स्वतंत्र सर्जनशील कामगिरी आहे. तथापि सूर धरणाऱ्याची जागा रिकामी राहिल्याने वाद्यमेळाचा पाया दुबळा झाला.

३. मंद्र पितळी वाद्यांचा नैसर्गिक स्वरक्रम तानपुऱ्याच्या स्वरकुळाशी जुळणारा आहे. त्यामुळे ही वाद्ये भारतीय संगीताला मुळातच परकी आहेत, हा समज टिकणारा नाही.

४. गोवा, बडोदा, पचमढी आणि टेनेसी येथील उदाहरणे असे दर्शवितात की, वादकाला शिक्षक म्हणून स्थिर स्थान मिळाले तेथे शिक्षणाची साखळी उभी राहिली, आणि टेनेसीत तर मंद्र वाद्याला स्वतःचे संगीतही लाभले.

५. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी अनुभवी बँडमास्तरांना अध्यापनात सामावून घेऊन लहान वाद्यमेळांच्या रूपाने ही रिकामी जागा भरावी. जे मास्तर आज हयात आहेत त्यांच्या कानात व ओठांत असलेली विद्या ग्रंथात कोठेही लिहिलेली नाही. ती त्यांच्याबरोबर संपू द्यायची की पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची, हा निर्णय आता शिक्षणसंस्थांच्या हाती आहे.